सुतकातला पेपर

बाबा गेले तो शनिवार होता. मी त्यांच्या पलंगाच्या पायथ्याशी बसून जीवशास्त्राचा सराव-पेपर सोडवत होतो. आई स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती. मी एक प्रश्न मोठ्याने वाचला. पलंगावरून आवाज आला नाही. पुन्हा वाचला. मग पुस्तक खाली ठेवलं आणि त्यांच्या मनगटावर बोटं ठेवली. आईला हाक मारली. आई हात पुसत आली.

हे असं लिहायलाही मला बराच काळ लागला. दरवेळी त्यात काहीतरी जास्तीचं शिरत होतं.

त्याआधीची दोन वर्षं मी घरातच होतो. बाबा बसच्या डेपोत मेकॅनिक. एका सकाळी डबा उचलायला गेले आणि उजवा हात उठलाच नाही. रुग्णालयातून घरी आणलं तेव्हा उजवी बाजू गेली होती आणि बोलणंही गेलं होतं. शब्द तीनच उरले होते. ‘हो’, ‘नाय’ आणि ‘मेल्या’. या तिसऱ्याचं आम्हाला पहिल्यांदा हसू आलं, मग त्याचीच सवय झाली. पाणी हवं असेल तरी मेल्या, टीव्ही बंद कर म्हणायचं असेल तरी मेल्या. फक्त चाल वेगळी. आईला सगळ्या चाली कळायच्या.

बाबा अंगाने भरलेले होते आणि आई बारीक. तिला एकटीला त्यांची कूस बदलता येत नव्हती. मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो. थोडे दिवस म्हणून कॉलेजला जाणं थांबवलं, ते सुटलंच. मला त्याचं फार वाईट वाटलं असं नाही. माझं खरं वाचन कॉलेजबाहेरचंच होतं. वाचनालयातून आणलेली कादंबरी एका हातात आणि बाबांच्या नळीतून पेज सोडायची ती मोठी सिरिंज दुसऱ्या हातात, असे कित्येक तास मी काढले आहेत.

दर दोन तासांनी कूस बदलायची. चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही. टाचेखाली उशी द्यायची, पाठ कोरडी ठेवायची. सुरुवातीला मी त्यांना पुसायला लागलो की ते भिंतीकडे तोंड करायचे. काही महिन्यांनी त्यांनी तोंड फिरवणं सोडलं. त्या दिवशी मला जे वाटलं त्याला मी अजून शब्द शोधतो आहे.

पाठीवर एक जखम झाली होती, तिचं ड्रेसिंग करायला एक सिस्टर यायच्या. आमच्या घाटकोपरमधल्या अशा बऱ्याच घरांत त्या जायच्या, नेहमी घाईत. एकदा जखम उघडून त्यांनी पाहिली आणि म्हणाल्या, “ही भरत आली की रे. कोण करतं एवढं? तूच?” मी मान हलवली. “मग घरात फुकट काय करतोस? नर्सिंगची सीईटी दे. मुलांना पण घेतात.” आणि पट्टी कापत म्हणाल्या, “ब्रदर म्हणतात. लाजू नको.”

रद्दीच्या दुकानात मला प्रवेश परीक्षेची दोन गाइडं मिळाली. क्लास लावणं शक्यच नव्हतं. घराबाहेर राहायचं कसं? बाकीचं मोबाइलवर व्हिडिओ बघून. पण माझी एक खोड आहे, मनातल्या मनात वाचलेलं मला लक्षात राहत नाही. म्हणून मी बाबांना वाचून दाखवायला लागलो. प्रश्न, चार पर्याय, आणि मग माझं उत्तर. चुकलं तर मागच्या पानावर पाहून कबूल करायचो. बाबा म्हणायचे, “मेल्या.” त्यांना काय कळत होतं आणि काय नाही, डॉक्टरांनाही सांगता आलं नसतं. पण भौतिकशास्त्राच्या वेळी ते डोळे मिटायचे. आणि गिअर, तरफ, कप्पी असलं काही आलं की उघडायचे.

खालच्या मजल्यावरचा माझा मित्र जिन्यात भेटला की ओरडायचा, “काय सिस्टर, कसा चाललाय अभ्यास? एक इंजेक्शन दे ना यार!”

“वाक तिकडे, देतो,” मी म्हणायचो. इतपत बोलणं मला जमतं.

परीक्षा मे महिन्यात होती. तारीख आली, हॉल तिकीट आलं, सेंटर अंधेरीला पडलं. आणि मग तो शनिवार आला.

स्मशानातच न्हाव्याने माझं डोकं, दाढी, मिशी सगळं उतरवलं. क्रिया मीच धरली, कारण मुलगा मी एकटाच. गावाहून काका आले. बाबांचे धाकटे भाऊ. आंब्याचे दिवस असूनही बाग तशीच टाकून रातोरात निघाले आणि दारात आल्या आल्या त्यांनी सगळं हातात घेतलं. ज्या जागी बाबा गेले तिथे दिवा. माझ्यासाठी जमिनीवर चटई. पायात चप्पल नाही. कोणाला शिवायचं नाही, कोणी मला शिवायचं नाही. आणि क्रिया धरणाऱ्याच्या जवळ सतत लोखंड हवं, म्हणून त्यांनी आपल्या पानसुपारीच्या चंचीतला अडकित्ता काढून माझ्याकडे दिला. “भायर असो, घरात असो, झोपतानाव बाजूक ठेव,” ते म्हणाले. स्वतः ते मग अख्खी सुपारी गालात धरून बसायचे आणि वैतागायचे.

सुतकात बसलेल्या माणसाला काहीच काम नसतं, हे मला माहीत नव्हतं. माणसं येत होती, लांबून हात जोडत होती, चहाला नाही म्हणत होती. मी चटईवर. दोन तास झाले की मी आपोआप उठून उभा राहायचो. पलंग भिंतीला उभा करून ठेवलेला. मी उभा, आणि करायला काही नाही. आई एकदा म्हणाली, “बस रे, बस.” मी बसलो. परत उठलो. माझ्या हातांना बाबांचं वजन माहीत होतं, कुठे धरायचं ते माहीत होतं. आता त्या हातांना कोणाला शिवायचीही मुभा नव्हती. गाइड उघडलं तर ओळ डोळ्यांखालून जायची आणि तशीच पलीकडे निघून जायची. मोठ्याने वाचायची सोय राहिली नव्हती. कोणाला वाचून दाखवणार? मी दिव्यासमोर बसून पुटपुटून पाहिलं. काका म्हणाले, “गीता वाचतस?”

“नाही. रक्ताभिसरण.”

त्यांनी दिव्यात तेल घातलं.

पेपर नेमका नवव्या दिवशी होता. मी ते कोणाला सांगितलं नव्हतं, आईने सांगितलं. दुपारी सगळे पाहुणे गेल्यावर ती म्हणाली, “भावोजी, याची परीक्षा आहे. जायला हवं त्याला.”

“कसली परीक्षा?”

“नर्सिंगची.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. “ता बायल माणसांचा काम. आणि धा दिस उंबरो ओलांडूचो नाय. पुढच्या वर्साक दी म्हणा.”

पुढच्या वर्षी. म्हणजे या खोलीत आणखी एक वर्ष, दर दोन तासांनी उभं राहत. मला नोकरीची घाई नव्हती, पदवीचीही नव्हती. मला फक्त माझ्या हातांना काम हवं होतं, लवकर, नाहीतर माझं काही खरं नव्हतं. हे मला काकांना सांगता आलं नाही. मी म्हणालो, “मला जायचंय.” एवढंच.

“तुज्या बापाशीचो जीव अजून हयसर असा,” काका दिव्याकडे बोट करून म्हणाले. आवाज चढला नव्हता. उलट बसला होता. “माका वाटता रे. तो वाट चुकात. तू नाय बसलंस तर कोण बसतलो?”

त्यांच्यावर रागावता येईना. लहानपणी बाबांनी त्यांना पाठीवर घेऊन ओढा पार करून शाळेत नेलेलं, हे आम्ही दोघांकडूनही ऐकलेलं होतं.

आईने गुरुजींना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. गुरुजी कुठल्यातरी दुसऱ्याच घरी विधीला होते, मागे भांड्यांचा आवाज येत होता. “परीक्षा आहे का? मग जाऊ दे हो. आपद्धर्म आहे. खरा विधी दहाव्यालाच. बाहेर काही खायचं नाही, आलं की आंघोळ. ठेवू?”

“ह्या मुंबयच्या भटांक सगळा चलता,” काका म्हणाले. ते बराच वेळ गालातली सुपारी या बाजूची त्या बाजूला करत राहिले. मग म्हणाले, “मी तुज्या वांगडा येतलंय. चप्पल घालूची नाय. कोणाक शिवूचा नाय. आणि लोखंड खिशातून काढूचा नाय. काय झाला तरी.”

आई पटकन म्हणाली, “नाही काढणार.” मीही मान डोलावली. परीक्षेच्या सूचना मी वाचलेल्या होत्या, त्यात घड्याळ, अंगठी, पट्टा, सगळ्याला बंदी होती, आणि तरी मला अडकित्त्याचं काही सुचलं नाही. तो माझ्यासाठी तोपर्यंत वस्तू राहिलाच नव्हता.

रिक्षाने गेलो. रिक्षात काका एका कडेला आणि मी दुसऱ्या कडेला, मध्ये माणूस बसेल एवढी जागा. साकीनाक्याला गाड्या अडकल्या, काका दर सिग्नलला विचारत होते, “पोचलो?” सेंटर अंधेरी पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये होतं, गाळ्यांच्या मधोमध. उतरल्यावर डांबर पायांना भाजत होतं. मी भिंतीच्या सावलीच्या पट्टीतून चालत गेलो. काका स्वतः चप्पल घालून आले होते. माझ्याकडे पाहून त्यांनी तीही काढली आणि हातात धरली.

रांगेत जवळजवळ सगळ्या मुलीच होत्या. कोणी शेवटच्या क्षणी हार्मोन्स पाठ करत होतं, कोणाची आई पदराने वारा घालत होती. मी भादरलेल्या डोक्याने, अनवाणी, त्यांच्यापासून हातभर अंतर ठेवून उभा. मागच्या दोघी आपसात बोलत होत्या. “हा काय गं, तिरुपतीला जाऊन आला वाटतं डायरेक्ट.” “नवस केला असेल. बघ, आपणच राहिलो.” मलाही हसू आलं असतं.

दारावर सुरक्षारक्षकाने हात पसरायला सांगितलं आणि माझ्या खांद्यांवरून, काखेतून, कमरेवरून हात फिरवला. मी दचकलो. स्मशानातल्या न्हाव्यानंतर मला कोणी शिवलं नव्हतं. त्याच्या ते गावीही नव्हतं; दिवसभरात शंभर जणांना तो असाच चाचपत असणार. मला मात्र क्षणभर वाटलं, त्याने हात काढू नये.

मग हातातलं मशीन माझ्या खिशापाशी किंचाळलं.

“क्या है?” त्याने खिशात हात घातला आणि अडकित्ता वर धरला. जुना, काळपट, पोपटाच्या चोचीसारखं पातं. “अरे! ये क्या, चाकू लाया?”

“सुपारी का है,” मी म्हणालो.

मागे एकदम हशा पिकला. “परीक्षेला सुपारी!” कोणीतरी म्हणालं. माझे कान तापले. तेवढ्यात आतून पर्यवेक्षक बाई आल्या, गळ्यात ओळखपत्र, हातात पाण्याची बाटली. “काय चाललंय? लाइन थांबवू नका. हे काय? अडकित्ता?” त्यांनी माझ्या हॉल तिकिटावरचा फोटो पाहिला. दाट केस, दाढी. मग माझं डोकं पाहिलं. मग पाय.

त्यांचा आवाज खाली आला. “कोण?”

“वडील.”

“कितवा?”

“नववा.”

बाईंनी माझं आधार कार्ड घेतलं, कपाळाचा तीळ फोटोशी ताडून पाहिला, टेबलावरच्या माणसाला म्हणाल्या, “सुतकात आहे तो. फोटोला काय बघतोस? घे, मी सही करते.” मग माझ्याकडे वळल्या. “हे आत नाही नेता येणार रे. बाहेर कोण आहे?”

काका फाटकापाशीच होते, त्यांनी सगळं पाहिलं होतं. ते पुढे आले, चप्पल अजून हातात. “बाई, त्याका लोखंडाशिवाय सोडूचा नाय. क्रिया धरल्यान हा त्याने.”

“काका, नियम आहे. कॅमेरे लागलेत आत.”

“मगे तो येवचो नाय. चल रे.”

मी हललो नाही. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मला आत जायचं होतं आणि दिलेला शब्दही मोडायचा नव्हता, आणि घड्याळ पुढे सरकत होतं, दार बंद व्हायला थोडीच मिनिटं राहिली होती. माझा एक पाय पायरीवर होता, दुसरा खाली.

बाई म्हणाल्या, “काका, आत सगळी टेबलं लोखंडाची आहेत. बघा हवं तर. खुर्ची लोखंडी, टेबल लोखंडी, खिडकीचे गज लोखंडी. टेबलाच्या पायाला हात लावून बसेल तो. तुमच्या अडकित्त्यापेक्षा जास्त लोखंड आहे.”

काकांनी काचेच्या दारातून आत वाकून पाहिलं. नीट पाहिलं, बाजारात वस्तू घेताना पाहतात तसं. “रंगवलेला असा,” ते म्हणाले.

“रंग वरून आहे हो. आतून लोखंडच.”

“मगे बरा,” ते म्हणाले, आणि रक्षकाच्या हातातून अडकित्ता घेऊन स्वतःच्या मुठीत धरला. “डावो हात काढू नको हां.”

मी डावा हात काढला नाही. उजव्या हातात माउस, डावा टेबलाच्या थंड पायाला. पहिली काही मिनिटं स्क्रीनवरची अक्षरं नुसती हलत होती. कोपऱ्यात वेळ मागे मागे पळत होती. मी एक प्रश्न वाचायचो, सोडायचो, पुढचा, पुन्हा मागे. रसायनशास्त्राचे बरेचसे अंदाजाने ठोकले. ओठ हलत होते; शेजारच्या मुलीने एकदा माझ्याकडे वैतागून पाहिलं, म्हणून ते बंद केले.

मग एक प्रश्न आला: अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस किती वेळाने बदलावी. चार पर्याय. मी तिथेच थांबलो. उत्तर मला येत होतं, त्यासाठी थांबलो नव्हतो. चार वाक्यांत ते असं मांडलेलं पाहून, जणू कोणालाही विचारता येईल आणि कोणालाही सांगता येईल असं, मला माउस दाबवेना. स्क्रीनवरचे आकडे पळत राहिले. शेवटी मी क्लिक केलं आणि पुढे गेलो. त्यानंतर मात्र डोकं चालायला लागलं. का, ते मला सांगता येणार नाही. ज्या गोष्टी येत होत्या त्या आल्या, येत नव्हत्या त्या नाही आल्या. वेळ संपली तेव्हा अजून बरेच प्रश्न कोरे होते आणि माझा डावा पंजा आखडला होता.

बाहेर काका एका बंद गाळ्याच्या पायरीवर बसले होते. भर उन्हात. अडकित्ता मुठीतच. कोणीतरी त्यांना चहा देऊ केला होता, तो त्यांनी घेतला नव्हता, कारण मी उपाशी आत होतो.

“लिवलंस?”

“जमलं तेवढं.”

“चल.”

परतीच्या रिक्षात ते अचानक म्हणाले, “नर्स म्हणजे करूचा काय असता रे नेमका?”

मी सांगितलं. पेशंटला वळवायचं, पुसायचं, नळीतून भरवायचं, जखम बघायची, औषधांच्या वेळा सांभाळायच्या, तो काही बोलला नाही तरी त्याला काय हवं ते ओळखायचं.

“ता तर तू करी होतस.”

“हो.”

“मगे परीक्षा कसली?”

घाटकोपर येईपर्यंत काका माझ्या बाजूला थोडे सरकले होते. मधली जागा कमी झाली होती. बहुधा त्यांच्या लक्षातही आलं नसावं, नाहीतर ते परत मागे झाले असते.

दहाव्याला कावळा लगेच शिवला. आम्ही मागे व्हायच्या आतच झडप. काका म्हणाले, “मुंबयचो कावळो तो, थांबतलो कित्याक?” आणि मग त्यांना रडू आलं. सगळ्यांदेखत, मोठ्याने. मी त्यांना धरलं. खांद्याखालून, जसं धरायची मला सवय होती तसं. त्यांनी मला दूर केलं नाही.

मार्क बेताचेच पडले. पहिल्या फेऱ्यांमध्ये माझं नाव कुठेच लागलं नाही, आणि ते महिने मी कसे काढले ते आईलाच माहीत. मी सकाळी चालायला निघायचो, चालता चालता विक्रोळी गाठायचो, परत यायचो, जेवायचो, पुन्हा निघायचो. अगदी शेवटच्या फेरीत एका कॉलेजात जागा मिळाली. वर्गात आम्ही मुलगे मोजकेच होतो. पहिल्या वर्षी माणसाएवढ्या प्लॅस्टिकच्या पुतळ्यावर शिकवायचे, आणि पुतळा हलका लागायचा, म्हणून माझी पकड चुकायची. आमच्या मॅडम ओरडायच्या, “अरे, हळू! एवढा जोर कशाला?”

काका फोन करतात. पहिला प्रश्न असतो, “आज कितके पेशंट होते?” ते आता गावात कोणालाही सांगतात की आपला पुतण्या मुंबईला हॉस्पिटलात असा. हुद्दा सांगायचा टाळतात, एवढंच.

मी अजूनही फार वेळ बसू शकत नाही. हे लिहितानाही कितीतरी वेळा उठलो. कॉलेज संपवून सध्या मी अंधेरीच्या एका रुग्णालयात पुरुष मेडिकल वॉर्डला आहे. सकाळची ड्युटी असली की दुपारी घरी येऊन आईबरोबर जेवतो. घरात आम्ही दोघं आहोत. बाबा नाहीत.